मिलिपीडच्या पेटीसाठी पाचोळा, लाकूड आणि माती सुरक्षित कशी करावी?

प्रश्न – गंगापूररोडकर

नमस्कार. माझ्या भाचीने पाळलेले तीन मिलिपीड, ज्यांना आमच्या आजोळी वाणी आणि इतरत्र पैसा म्हणतात, तिच्या परीक्षेमुळे सध्या माझ्याकडे आहेत; खरे सांगायचे तर आता दोनच उरले आहेत. पेटीतील जुनी माती शेणासारखी चिकट झाल्यामुळे मी एका नर्सरीतून कुंड्यांसाठीची तयार माती आणून भरली आणि आठवड्याभरात तिघांतील सर्वांत मोठा मिलिपीड मातीवर येऊन निपचित पडलेला आढळला. उरलेल्या दोघांना तूर्त ओल्या वर्तमानपत्रावर ठेवले आहे. आता पाचोळा आणि कुजलेले लाकूड मी स्वतः गोळा करणार आहे. ते उकळावे, ओव्हनमध्ये तापवावे की नाशिकच्या या एप्रिलच्या उन्हात वाळवले तरी पुरे? निफाडजवळ एका परिचितांची द्राक्षबाग आहे, तेथून पोतेभर पाला सहज मिळेल.

उत्तर – पाचोळेवाला

उकळल्याने जीव मरतात, औषध मरत नाही. त्यामुळे कसे तापवावे याआधी कोठून आणावे हे ठरवावे लागते. नर्सरीच्या तयार मातीत रासायनिक खताबरोबर बहुधा निंबोळी पेंडही मिसळलेली असते. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्यात अडथळा आणते आणि मिलिपीडही मातीत पुरून घेऊन, कात टाकूनच वाढतो; त्यामुळे ती माती पेटीत नकोच. आपला मिलिपीड त्यानेच गेला असे दुरून म्हणता येणार नाही, पण एरवी मातीत दडणारा हा प्राणी दिवसाढवळ्या वर येऊन पडला, तर माझा पहिला संशय खालच्या मातीवर जातो.

पाने झाडावरून आपोआप गळलेली आणि तपकिरी झालेली घ्यावीत, हिरवी तोडू नयेत. देशी बदाम, आंबा, जांभूळ, वड आणि उंबर यांची पाने मी अनेक वर्षे वापरत आहे. कडुनिंब, नीलगिरी, कण्हेर, निरगुडी आणि चीड टाळावेत. रस्त्याकडेची किंवा कीटकनाशक फवारलेल्या सोसायटीच्या बागेतली पाने घेऊ नयेत. अभयारण्यातून काहीही उचलून आणणे कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे नांदूरमध्यमेश्वरला फिरायला गेलात तरी पिशवी रिकामीच परत आणावी.

लाकूड पांढरट, हलके आणि बोटांनी चुरगळले की भुगा होणारे असावे. मिलिपीड टणक लाकूड खात नाही, बुरशीने मऊ केलेले खातो. फर्निचरचे तुकडे, प्लायवूड आणि वाळवीचे औषध मारलेल्या फळ्या कितीही कुजल्या तरी वापरू नयेत. सागही नको, कारण ज्या गुणामुळे तो टिकतो तोच गुण येथे आड येतो.

आता तापवण्याविषयी. पाने मोठ्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावीत, चहासारखे झालेले पाणी ओतून द्यावे आणि पाने निथळावीत. लाकडाचे तुकडे फोडून, आत गोम किंवा मुंग्यांची वसाहत नाही ना हे पाहून, अर्धा तास उकळावेत. ओव्हनमध्ये कोरडे लाकूड ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये, ते पेट घेऊ शकते. नुसत्या उन्हावर मी विसंबत नाही, कारण पाने वरून कडक वाळतात, पण ढिगाच्या तळाशी किडे सुखरूप राहतात.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पीठ करून घालावीत किंवा समुद्रफेसाचा तुकडा ठेवावा. पानाला लावायचा चुना मात्र दाहक असल्यामुळे चिमूटभरही घालू नये.

उत्तर – निफाडचा बागायतदार

द्राक्षबागेतील पाला कृपया नेऊ नका, हे मी स्वतः बाग करणारा म्हणून लिहीत आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांसाठी किती फवारण्या होतात हे आम्हालाच ठाऊक असते, आणि त्यांत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना, हे तर जुने औषध आहे. मोरचुदातील तांबे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, उकळून जात नाही, वर्षानुवर्षे जमिनीत साठत राहते. बांधावरच्या आंब्याची पानेही घेऊ नका. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने उडवलेले औषध वाऱ्याबरोबर तेथपर्यंत जाते. त्र्यंबक किंवा पेठच्या बाजूला कोणाची फवारणी न होणारी पडीक खासगी जमीन असेल, तर मालकाला विचारून तेथील पाचोळा न्यावा.

उत्तर – कुजका ओंडका

पाचोळेवाला यांच्या बहुतेक सूचना मान्य आहेत, परंतु सगळेच उकळण्यास माझा विरोध आहे. मिलिपीडला पानाइतकीच पानावरच्या बुरशीची आणि जिवाणूंची गरज असते. मी एकदा सर्व काही उकळून भरले तेव्हा चार दिवसांत पेटीभर कापसासारखी पांढरी बुरशी पसरली, कारण तिला आवर घालणारे काही उरलेच नव्हते. आता मी अर्धी पाने उकळतो आणि उरलेली अर्धी पिशवीत बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो. त्याने किडे बहुतांशी मरतात, बुरशी व जिवाणू बरेचसे टिकतात. घरी वाटाण्याच्या पिशवीशेजारी पाचोळ्याची पिशवी पाहून जे बोलणे ऐकावे लागते, त्याची तयारी ठेवावी.

मिश्रणात साधारण निम्मा चुरलेला पाचोळा, पाव भाग लाकूड आणि पाव भाग खत न घातलेली माती असावी. आपल्याकडची काळी माती एकटीच वापरली तर ओली असताना लोण्यासारखी होते आणि वाळली की भेगाळते. ओल इतकीच हवी, की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. थराची खोली निदान मिलिपीडच्या लांबीएवढी ठेवावी.

गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. निफाडचे पोते रद्द केले आहे. शेजारच्या शाळेच्या आवारातील देशी बदामाखाली कोणतेही औषध मारले जात नाही, असे तेथील शिपाईकाकांनी सांगितल्यामुळे त्यांच्या परवानगीने दोन पिशव्या पाने आणली. एक पिशवी उकळून निथळत ठेवली आहे आणि दुसरी फ्रीझरमध्ये आहे, जिच्यावर भाचीने मोठ्या अक्षरांत ‘भाजी नाही’ असे लिहून ठेवले आहे. लाकूड अजून मिळालेले नाही. तोपर्यंत दोघांना उकळलेल्या पानांवर हलवणे योग्य ठरेल का?

पाचोळेवाला

होय, आजच हलवावे. वर्तमानपत्र लवकर वाळते आणि त्यांना पुरून घेता येत नाही. लाकूड महिनाभराने आले तरी चालेल. नळाचे पाणी मात्र रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मगच शिंपडावे.