अमेरिकेत राज्याची हद्द बदलायची तर कोण बदलतं?

टिळकवाडी_एमए
पेपरला अमेरिकन संघराज्य आहे. आपल्याकडं कलम 3 खाली संसद राज्याची हद्द बदलू शकते. तिथं हे काम काँग्रेसचं की कोर्टाचं? गाईडात 'राज्यांची संमती लागते' एवढी एकच ओळ आहे. जरा उलगडून सांगा की.

खानापूरकर
ओळ बरोबर आहे, पण सगळी गोम त्या 'संमती'त आहे. त्यांच्या घटनेचं कलम 4, विभाग 3 बघा. एका राज्यातून दुसरं काढायचं किंवा दोन जोडायची, तर संबंधित प्रत्येक विधिमंडळाची संमती हवी, वर काँग्रेसची मंजुरीही (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, हाताचा पंजा नव्हे).

आपल्याकडं राष्ट्रपती विधेयक विधानसभेकडं पाठवतात ते फक्त मत मागवायला, तेही मुदत घालून. ते मत संसदेवर बंधनकारक नाही, हे बाबुलाल पराते खटल्यात 1959 सालीच ठरलं. आंध्र विधानसभेनं जानेवारी 2014 मध्ये विधेयक नाकारलं, तरी 2 जूनला तेलंगण झालंच. 'मत'च्या जागी 'संमती' लिहिलंत तर मार्क गेले म्हणून समजा.

निपाणी_बसस्टँड
मग वेस्ट व्हर्जिनिया कसं झालं? व्हर्जिनियानं स्वतःहून थोडीच तोडून दिलं असणार!

खानापूरकर
तीच तर गंमत. 1861 मध्ये व्हर्जिनिया संघातून फुटलं. संघाशी एकनिष्ठ राहिलेल्यांनी व्हीलिंगला वेगळं सरकार मांडलं, लिंकननी तेच खरं व्हर्जिनिया मानलं आणि संमती त्याच सरकारनं दिली. 20 जून 1863 ला राज्य झालं. यादवी युद्ध संपल्यावर व्हर्जिनियानं बर्कली आणि जेफरसन या दोन काउंट्यांपुरती (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) संमती मागं घेतली, पण 1871 मध्ये सुप्रीम कोर्टात हरली. हे अपवाद म्हणून लिहा, नियम म्हणून नको. साधं उदाहरण हवं तर मेन: 1820 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संमतीनं वेगळं झालं.

हिंडलगा_वकील
कोर्टाची बाजू राहिली. नवं राज्य करायचं नसून नुसती रेघ हलवायची असेल, तर दोन राज्यं आपसात करार करतात आणि काँग्रेस मान्यता देते. (कलम 1, विभाग 10.) ऑरेगॉनच्या पूर्वेकडच्या काउंट्यांना आयडाहोत जायचंय, त्यांचं इथंच अडतं. काउंटीतल्या मतदानानं हद्द हलत नाही, ऑरेगॉनचं विधिमंडळ हवं आणि तिथं बहुमत डेमोक्रॅट्सचं. मागणी करणारा भाग रिपब्लिकन.

जुनी रेघ नेमकी कुठं, असा वाद असेल तर थेट सुप्रीम कोर्ट. आपल्या कलम 131 सारखंच, ज्याखाली महाराष्ट्रानं 2004 मध्ये कर्नाटकाविरुद्ध सीमेचा दावा लावलाय. तिथं कोर्ट 'स्पेशल मास्टर' नेमतं, तो पुरावे घेऊन अहवाल देतो. एलिस बेटाचा निकाल 1998 मध्ये असाच लागला: मूळचं तीनेक एकर बेट न्यूयॉर्कचं, भराव घालून वाढवलेली जमीन न्यूजर्सीची.

एक मात्र नक्की वाचा, व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी, 1893. दोघांनी 1803 मध्ये मान्य केलेली रेघ मोजणीत चुकली होती. पण इतकी वर्षं दोघांनीही ती पाळली म्हणून कोर्टानं चुकीचीच रेघ कायम केली. कारवारपासून बिदरपर्यंतच्या वादाचा अभ्यास करणाऱ्यानं हा निकाल दोनदा वाचावा.