छातीत गाठ हाताला लागली, मग पहिल्यांदा कोणाला सांगितलंत?

गुहागर

माझ्या आईने आठ महिने कोणालाच सांगितलं नाही. न्हाणीतून ती पूर्ण लुगडं नेसूनच बाहेर यायची. आम्हाला वाटायचं, वयाबरोबर संकोच वाढलाय. एक दिवस तिचा ब्लाउज धुवायला घेतला तर डाव्या बाजूला आतून जुन्या धोतराची घडी शिवलेली, आणि तिच्यावर पिवळट डाग. मला उपकेंद्रात नर्स म्हणून लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. गावभर बायकांना तपासत फिरत होते, आणि घरच्या माणसाचं काही कळलं नाही. "आये, दुखत नव्हतं काय गं?" विचारलं, तर म्हणाली, "दुखलं असतं तर सांगितलं नसतं काय?"

हे तिचं बोलणं मी पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बैठकीत सांगितलं. कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच बाई ती अंगावर काढते.

तर विचारते. छातीत काही वेगळं जाणवलं तेव्हा पहिल्यांदा कोणाला सांगितलंत? मधे किती दिवस गेले? आणि त्या दिवसांत लोकांनी काय काय करायला सांगितलं? गाठच हवी असं नाही, पुरळ, दुधाचा त्रास, काहीही लिहा. नाव नको, गाव पुरे.

वेंगुर्ले

तीन दिवस. मैत्रिणीला सांगितलं. मी तेव्हा २४ वर्षांची होते. आंघोळीत साबण लावताना उजवीकडे फणसाच्या आठळीएवढं काहीतरी हाताला लागलं, गुळगुळीत, दाबलं की बोटाखालून सरकायचं. आजी म्हणाली, काळी ब्रा घालतेस म्हणून. शेजारच्या काकी म्हणाल्या, काखेत फवारे मारता तुम्ही पोरी, त्याने होतं. दोन्ही ऐकून मी ब्रा बदलली, डिओ टाकून दिला, आणि गाठ होती तिथेच. कसल्याही ब्राने किंवा डिओने कॅन्सर होतो असा पुरावा नाही, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

सोनोग्राफी झाली, मग सुईची तपासणी. सुईला घरात सगळ्यांचा विरोध. "सुई टोचली की पसरतं, हात लावू नको." आईला मी डॉक्टरांसमोर बसवलं आणि त्यांनी तिला शांतपणे समजावलं, की सुईने पसरत नाही, उलट गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत. माझी फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाली, म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली. काढलीही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, वाढलेली नव्हती. आता लग्न होऊन मुलगा आहे, आणि गाठ आहे तेवढीच आहे.

गुहागर

हिचं वाचून कोणी असं समजू नका की सरकणारी गाठ म्हणजे साधीच. बहुतेक गाठी साध्याच असतात हे खरं, पण ते हाताने नाही, तपासणीने ठरतं.

हर्णे (आई सांगते, मी लिहिते)

माझी गाठ नाही. छातीच्या खालच्या घडीत लाल चट्टे, आग आणि वास. पहाटे बंदरावर लिलावाला उभं राहायचं, बर्फाचं पाणी अंगावर, पावसात ब्लाउज दिवसभर ओला, आणि घरी दोरीवरचा दुसराही दमटच. आधी पावडर थापली. घामाने तिचे गोळे होऊन आणखी सोलवटलं. मग औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत आग थांबली, म्हणून महिनाभर लावली, आणि चट्टे दुप्पट पसरले. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी ट्यूब बघून सांगितलं, यात स्टेरॉइड आहे, खाज दाबते आणि बुरशी वाढवते. त्यांनी बुरशीचं साधं मलम दिलं आणि सांगितलं: घडी पुसून नाही, टिपून कोरडी करायची, सुती ब्रा, ओली झाली की बदलायची. आता पाटीत कोरडा ब्लाउज पिशवीत बांधून नेते. लाज सोडायला मला दोन पावसाळे लागले.

चिपळूण

बाळंतपणानंतर सतराव्या दिवशी डावी बाजू दगडासारखी, लाल, आणि १०२ ताप. सासूबाई म्हणाल्या, दूध नासलं, बाळाला पाजू नको. तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकलं, जोरजोरात चोळलं. मी रडत होते, बाळ भुकेने रडत होतं.

पहिल्यांदा सांगितलं ते आशाताईंना, त्या बाळाचं वजन करायला आल्या तेव्हा, म्हणजे दोन दिवसांनी. त्या मला तशीच रिक्षात घालून घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, पाजणं बंद करायचं नाही, दूध बाळाला चालतं. चोळायचं नाही, सुजेवर गार पट्टी ठेवायची. पाजताना चालणारी अँटिबायोटिकं दिली. तिसऱ्या दिवशी उतार पडला. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली ती इथे लिहितेच: औषध घेऊनही लाली आणि सूज आठवडा-दोन आठवड्यांत गेली नाही, तर "दूधच साचलंय" म्हणून बसायचं नाही, पुन्हा दाखवायचं. क्वचित एका प्रकारचा कॅन्सर अगदी असाच दिसतो.

देवगड

मी पुरुष आहे, ५८ वर्षांचा, आंब्याची बाग आहे. लिहू की नको, असं करत चार दिवस काढले.

बोंडाच्या मागे कडक गाठ. वाटलं, पेटी उचलताना मार लागला असेल. मग बोंड आत ओढलं गेलं. बायकोने बघितलं तेव्हा मी म्हटलं, "बाईमाणसांचो रोग तो, माका कसो होतलो?" रक्तचंदन आणि आंबेहळद उगाळून लेप लावला, देवळात गाऱ्हाणं घातलं. एक सीझन गेला, दुसरा आला. १४ महिने. शेवटी बनियनला रक्ताचा ठिपका दिसला, आणि मग मुलाने गाडीत बसवलं.

तपासणीच्या खोलीबाहेर सगळ्या बायका. मी कोपऱ्यात, पेपर तोंडासमोर धरून. एका म्हातारीने विचारलं, "बायकोक हाडलास?" "नाय, माझाच आसा," म्हटलं. ती सरकली आणि बाकावर जागा दिली.

या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत. लेपाने काही बिघडलं नाही, पण त्यात चौदा महिने गेले.

राजापूर

"आमच्या घराण्यात कोणाला नाही" असं म्हणत माझ्या जावेने वर्ष घालवलं. वारशाने आलेले कॅन्सर शंभरात पाच ते दहाच असतात. एवढंच सांगायचं होतं.

कुडाळ

सहा आठवडे. पहिल्यांदा नवऱ्याला नाही, बहिणीला सांगितलं.

तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ. तुकडा तपासला, केमो झाल्या, डावी बाजू काढली. उपचारांबद्दल इतर लिहितील. मी घरी आल्यानंतरचं लिहिते.

माझं ताट-वाटी वेगळं झालं. कोणी बोललं नाही, पण माझी वाटी मांडणीवरून उतरून खिडकीत आली. पुतणीला माझ्या मांडीवरून उचलून नेलं. दोन दिवस गप्प राहिले, तिसऱ्या दिवशी ती वाटी मीच धुऊन परत मांडणीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हा लागणारा आजार नाही. नवरा त्या वाटीतून सोलकढी प्यायला. त्यानंतर कोणी काही वेगळं केलं नाही.

दुसरं, ब्लाउजचं. एका बाजूला वजन नसलं की खांदा वर चढतो, पाठ धरते, पदर सारखा घसरतो. विकतचं महाग होतं. आमच्या वाडीतल्या शिंपीणबाईंनी माप घेतलं, तेही दार लावून, माझ्या समोर न बघता. सुती कापडाची गोल पिशवी, आत कापूस, आणि मधोमध वजनासाठी मूठभर नाचणी. पहिली जड झाली, उसवून थोडी नाचणी काढली. पावसात तिला वास यायला लागला, तेव्हा नाचणी छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून आत घातली. आता दोन आहेत, एक धुवायला, एक घालायला. शिंपीणबाईंनी शिलाई घेतली नाही. आतल्या बाजूला लाल दोऱ्याने एक टाका घातलाय, सुलट-उलट कळावं म्हणून.

गुहागर

ही पिशवी कशी शिवायची, ते सविस्तर लिहा ना. बऱ्याच जणींना हवं आहे.

आता थोडं माझं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची छाती दर पाच वर्षांनी हाताने तपासायची सोय आहे. आशाताईंना विचारा, हक्काने विचारा. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखावर बायकांना घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित सेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्यांत पन्नाशीपुढच्या बायकांचे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते.

घरी काय बघायचं? पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, आंघोळीच्या वेळी, आपलं नेहमीचं कसं आहे ते ओळखून ठेवा. मग नवीन गाठ, काखेतला गोळा, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत ओढलेलं बोंड, न पिळता बोंडातून आपोआप येणारं रक्त किंवा पाणी, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा.

रेवदंडा

सगळं वाचलं. गेल्या सोमवारी मलाही डाव्या काखेजवळ लागलं. ४३ वर्षांची आहे. हे पहिलंच सांगणं.

गुहागर

बरं केलंत सांगितलंत. घाबरू नका, पण थांबूही नका. पाळीची शेवटची तारीख लिहून घ्या. आधीचे काही कागद असतील तर सोबत न्या. काखही तपासायला सांगा, आणि "बघू, पुढच्या महिन्यात या" असं तपासण्या न करताच म्हटलं, तर दुसरीकडे दाखवा. एकट्या जाऊ नका.

रेवदंडा

जावेला आत्ताच उठवून सांगितलं. तिने दूधवाल्याला निरोप धाडलाय, पोरांचे डबे शेजारी देऊन ठेवतेय. सकाळी पहिल्या एसटीने अलिबागला निघतो.