मदत हवी आहे: पोरगा सेफ्टी खेळतो, बापाला डिफेन्स कळत नाही

टोलेडोचा_बाबा

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची ही दुसरी खेप. पहिल्यांदा पुरणपोळी लाटताना फुटते का, ते विचारलं होतं. पोळी सुधारली, म्हणून धीर करून पुन्हा आलोय.

आम्ही ओहायोतल्या टोलेडोजवळ राहतो. मुलगा दहावीत. लहानपणापासून सॉकर खेळायचा, गेल्या वर्षी मित्रांच्या नादाने फुटबॉलमध्ये गेला, म्हणजे इथल्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये. शाळेच्या जेव्ही, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या संघात सेफ्टी आहे, म्हणजे डिफेन्समधला सगळ्यात मागचा गडी. मी मूळचा सांगलीचा, कबड्डीवर वाढलेला. या देशात अकरा वर्षं काढली तरी हा खेळ डोक्यावरून जातो. ऑफेन्स एक वेळ कळतो, बॉल घेऊन पळायचं नाहीतर फेकायचा. डिफेन्स म्हणजे मला अकरा जणांची चेंगराचेंगरी दिसते.

गेल्या शनिवारी सकाळचा सामना. तिसरा क्वार्टर, आपले चार गुणांनी पुढे. समोरच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकणाऱ्याने, तो रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याच्या पोटात खुपसला, त्यांची पुढची रांग धडाधड पुढे आली, आमचा लेकही त्याला पाडायला सुटला. आणि बॉल तिथे नव्हताच! क्वार्टरबॅकने तो परत ओढून घेतला आणि नेमका जिथून हा निघाला होता त्या मोकळ्या जागेत फेकला. टचडाउन. कोच ओरडले नाहीत. बाजूच्या रेषेवरून त्यांनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावून दाखवली, बस. गाडीत मी म्हटलं, "पुढच्या वेळी अजून जोरात पळ." तो म्हणाला, "बाबा, पळायचा प्रॉब्लेम नव्हताच. तुला नाही कळणार." आणि हेडफोन लावले. वीस मिनिटं मी रस्ता बघत होतो.

तर पहिली मदत ही की त्याचं नेमकं चुकलं काय, ते मला कळेल अशा भाषेत सांगा.

दुसरं, एका शिबिराचं पत्र आलंय. 'तुमच्या मुलाची निवड झाली आहे', खाली कोचची छापील सही आणि फी जवळजवळ चारशे डॉलर. बायको म्हणते फसवाफसवी, पोरगा म्हणतो रिक्रूटिंग, म्हणजे कॉलेज संघाची भरती. कोण बरोबर?

तिसरं जरा हलकं. डावीकडच्या घरावर ओहायो स्टेट विद्यापीठाचा झेंडा, उजवीकडच्या घरावर त्यांच्या हाडवैऱ्याचा, मिशिगन विद्यापीठाचा. नोव्हेंबरातल्या त्यांच्या सामन्याला दोन्हीकडून आमंत्रण आहे. कुठल्या रंगाचा शर्ट घालू?

चवडा_आणि_पकड

सांगलीकर, तुम्हाला हे आधीच येतंय, फक्त नावं वेगळी आहेत.

चढाईला आलेला गडी डाव्या कोपऱ्याकडे हात लांबवतो. कोपरारक्षक त्या हातावर झेपावतो, आणि तेवढ्यात चढाईवाल्याचा पाय भलत्याच्याच मांडीला लागतो. याला आपण हूल म्हणतो. जुना जाणता कोपरारक्षक हाताकडे बघतच नाही. तो कंबरेकडे बघतो, कारण हात खोटं बोलतो, कंबर बोलत नाही. तुमच्या मुलाने हात पाहिला.

इथे तो हात म्हणजे बॉल. डिफेन्समधल्या प्रत्येकाला स्नॅपनंतरच्या, म्हणजे बॉल खेळात आल्यानंतरच्या, पहिल्या क्षणाला कुणाकडे बघायचं हे आठवडाभर घोटून दिलेलं असतं. त्याला 'की' म्हणतात. बऱ्याच जणांची की समोरचा गार्ड, म्हणजे ऑफेन्सच्या पुढच्या रांगेतला एक गडी, असते. गार्ड खाली वाकून पुढे झेपावला तर रन, ताठ होऊन मागे सरकला तर पास. कोच लोक 'लो हॅट, हाय हॅट' म्हणतात, हॅट म्हणजे हेल्मेट. लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या फळीतला गडी, चुकला तर त्याच्यामागे कुणीतरी असतं. सेफ्टीच्या मागे फक्त गोलपोस्ट. म्हणून त्याला पहिलं पाऊल मागे टाकायला शिकवतात, आणि पोरांना नेमकं तेच जड जातं. पुढे धावून पाडण्यात मर्दुमकी वाटते ना!

आता मैदान. टीव्हीवर बघताना हॅश मार्क, म्हणजे मधल्या त्या बारीक रेघांच्या दोन रांगा, नीट बघा. मैदान १६० फूट रुंद. या दोन रांगांमधलं अंतर एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, १८ फूट ६ इंच, कॉलेजमध्ये ४० फूट, शाळेत ५३ फूट ४ इंच. म्हणजे शाळेत मैदानाचे सरळ तीन सारखे पट्टे. बॉल एका हॅशवर आला की एका बाजूला ५३ फूट आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट जागा. कॉलेजमध्ये तेच ६० आणि १००. सगळी मांडणी यावर हलते. रुंद बाजूला वेगवान गडी, अरुंद बाजूला दणकट. आपल्याकडे लेगला बाउंड्री जवळ असली की कॅप्टन फील्ड कसं लावतो, तसंच.

आरपीओग्रस्त

वरचा प्रतिसाद छान, पण एक दुरुस्ती. टोलेडोचे बाबा लिहितात की त्यांची 'पुढची रांग धडाधड पुढे आली'. म्हणजे गार्ड खरंच रनसाठी वाकला होता. मग ती साधी हूल नव्हती, तो आरपीओ होता: रन-पास ऑप्शन. यात लाइन खरोखर रनचं ब्लॉकिंग करते आणि क्वार्टरबॅक एकाच डिफेंडरकडे बघतो. तो पुढे आला तर बॉल त्याच्या डोक्यावरून टाकायचा, मागे थांबला तर रनिंग बॅकच्या पोटात ठेवून द्यायचा. तुमच्या मुलाकडे ते बघत होते हो. गार्डकडे बघितलं असतं तरी फसला असता.

कॉलेजमध्ये हे फोफावलं ते नियमामुळे. पास असला तरी लाइनमधले गडी तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये फक्त एक यार्ड. दोन यार्डांचा फरक, पण बिचाऱ्या सेफ्टीला तेवढ्यात सगळं चित्र रनचं दिसतं. म्हणून आता बरेच कोच सेफ्टीला गार्ड नाही, समोरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, वाचायला सांगतात. पोराला विचारा, त्याची की कोण होती. 'जोरात पळ'पेक्षा हा प्रश्न बरा.

क्लीव्हलँडचे_काका

तुमच्या गावाशी नातं असलेली गोष्ट सांगतो. निक सेबन, पुढे अलाबामा विद्यापीठात गाजलेले कोच, पहिल्यांदा मुख्य कोच झाले ते टोलेडो विद्यापीठात, १९९० साली. एकच वर्ष राहिले, ९ जिंकले, २ हरले, आणि आमच्याकडे क्लीव्हलँड ब्राउन्स या एनएफएल संघाचा डिफेन्स सांभाळायला आले. तेव्हाची एक साधी मांडणी म्हणजे कव्हर थ्री, मागे तिघे, प्रत्येकाकडे मैदानाचा एक तृतीयांश. समोरच्याने चार रिसीव्हर सरळ पळवले की तिघांवर चार, एक मोकळा! यावर ब्राउन्सचे तेव्हाचे मुख्य कोच बिल बेलिचिक आणि सेबन यांनी इथे जो उतारा घोटला, त्यात गडी आधी जागा राखतो, आणि त्याच्या जागेतून कुणी सरळ लांब निघाला की मग जागा सोडून त्याच्या पाठी लागतो. जागाही आणि माणूसही. पुढे अलाबामात सेबननी त्याचा ग्रंथ केला.

साखळी तुटली की कबड्डीत काय होतं तुम्हाला सांगायला नको. यातही एकाने माणूस धरला आणि शेजाऱ्याने जागाच राखली, की मधे खिंडार.

नेहमीची_शंका

इतका डोक्याला मार लागणारा खेळ मुळात खेळू द्यावाच का?

टोलेडोचा_बाबा

@नेहमीची_शंका, हा प्रश्न घरात रोज रात्री साडेनऊला निघतो, त्यासाठी वेगळा धागा लागेल. @आरपीओग्रस्त, हे वाचून जीव जरा खाली पडला. शिबिराचं कुणी सांगेल का? शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत.

दोन_पोरांची_आई

दादा, भरू नका. निदान 'निवड झाली' म्हणून तर नकोच. आमच्या थोरल्याच्या वेळी अशी पत्रं ड्रॉवरभर आली होती. एका पत्रात तर तो किकर म्हणून 'निवडला' होता, आयुष्यात त्याने किक मारली नव्हती.

दहावीतल्या मुलाला कॉलेजचे कोच भरतीचं पत्र पाठवूच शकत नाहीत, नियमच तसा आहे. शिबिराचं पत्रक आणि प्रश्नावली मात्र कुणालाही जाते. खऱ्या रसाची खूण म्हणजे कोच तुमच्या शाळेच्या कोचला फोन करतो, पोराची फिल्म मागतो. तेव्हा चारशे डॉलर ठेवा आणि हडल या खेळाच्या फिल्मच्या साइटवर त्याची तीन-चार मिनिटांची फिल्म बनवा. उत्तम प्ले सगळ्यात आधी. संगीत नको, कुणी ऐकत नाही. शिबिराला जायचंच तर त्याला ज्या कॉलेजात खरंच शिकायचंय, तिथल्याच एका दिवसाच्या शिबिराला जा.

मार्कांकडे आजपासून बघा. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटासाठी १६ कोअर विषय आणि त्यात २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागते. बारावीत जागं होऊन चालत नाही.

आणि मन घट्ट करा. देशभर दहा लाखांवर मुलं शाळेत हा खेळ खेळतात. त्यात जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव आणि चेहऱ्याचे पैसे मिळू लागले, कॉलेज बदलायचं ट्रान्सफर पोर्टल आहेच, त्यामुळे कोच अठरा वर्षांचं कच्चं पोर घेण्याआधी दुसऱ्या कॉलेजातला तयार गडी बघतात. तुमच्या मुलाच्याच जागेचं उदाहरण: केलेब डाउन्स अलाबामात होता, सेबन निवृत्त झाले आणि तो जानेवारी २०२४ मध्ये ओहायो स्टेटला आला. असा सेफ्टी आयता मिळत असताना कच्च्यासाठी कोण थांबेल?

तोंडी 'कमिट' म्हणजे साखरपुडासुद्धा नाही, नुसती पसंती. तुमच्या जवळच्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवुड लुइझियाना स्टेट विद्यापीठाला हो म्हणून बसला होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगनकडे फिरला.

आमचा थोरला शेवटी डिव्हिजन थ्रीला खेळला. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण मार्कांवर मदत मिळते. ओहायोत त्या डिव्हिजनचा खेळ हलका समजू नका, माउंट युनियनने १३ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलंय. चार वर्षं मनसोक्त खेळला, गुडघा शाबूत, आता अकाउंटंट आहे.

कोलंबसची_सून

शर्टाचं मी सांगते. लाल, ओहायो स्टेटचा. प्रश्न कसला त्यात? आमच्या इथे सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल फुली मारतात. सासरे मिशिगन हा शब्द तोंडाने घेत नाहीत, 'वरच्या अंगाची ती टीम' म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरात मी निळी, म्हणजे मिशिगनच्या रंगाची, साडी नेसले होते, अजून ऐकवतात.

हुरॉनकाठचा

सूनबाई, २०२१ ते २०२४ लागोपाठ चार वर्षं कोण जिंकलं, तेही सासऱ्यांना विचारा. २०२४ ला तर तुमच्याच घरात १३-१०. आणि डिफेन्सचाच धागा आहे म्हणून सांगतो, तो सामना बाबांनी पोरासोबत बसून पुन्हा बघावा. मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड उभे, आणि ओहायो स्टेटवाले त्यांच्याच अंगावर रन मारत राहिले. दोघेही पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या खेळाडू निवडीत, पहिल्या फेरीत गेले.

कोलंबसची_सून

आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद कोणी नेलं? नोटर डेमला ३४-२३. बोला.

क्लीव्हलँडचे_काका

भांडू नका, हे भांडण टोलेडोवरूनच तर सुरू झालंय. १८३५ साली ओहायो आणि मिशिगन दोघांनीही टोलेडोच्या पट्ट्यावर हक्क सांगून आपापली मिलिशिया उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोला, बदल्यात मिशिगनला वरचा द्वीपकल्प, आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. फुटबॉलचा पहिला सामना त्यानंतर साठ वर्षांनी, १८९७ ला. बाबा, तुम्ही विद्यापीठाचा, म्हणजे टोलेडो रॉकेट्सचा शर्ट घाला. दोन्ही शेजारी हसतील, जेवायला दोन्हीकडे वाढतील. फक्त टोलेडोच्या हाडवैरी बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा कुणी जवळ नाही ना, तेवढं बघून घ्या.

टोलेडोचा_बाबा

सगळ्यांचे आभार. शिबिराचं पत्र कचऱ्यात गेलं. बायकोने ते स्वतःच्या हाताने टाकलं, समाधानाने.

काल रात्री चिवड्याची वाटी घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि जमेल तितक्या सहज विचारलं, "तुझी की कोण होती? गार्ड, की रिसीव्हर?" त्याने एक हेडफोन काढला. "हे तुला कुणी सांगितलं?" म्हटलं, कबड्डीत असतं असं. मग त्याने दुसराही काढला.

माझ्याच वाटीतले शेंगदाणे काढून टेबलावर डिफेन्स मांडला, डाळ्यांचा ऑफेन्स, काजू म्हणजे तो रिसीव्हर. त्याची की गार्ड नव्हतीच. बाहेरच्या रेषेपासून मोजत यायचं, त्यातला दुसरा, 'नंबर टू', त्याच्याकडे बघायचं होतं. काजूने पहिल्या पावलाला ब्लॉकचा आव आणला नव्हता, तो सरळ निघाला होता. "मी बघितलंच नाही, बाबा. मी बॉलकडे बघत होतो." एवढं बोलून त्याने काजू खाऊन टाकला.

आता अडलंय ते इथे. एकाच बाजूला तिघे रिसीव्हर उभे असले तर नंबर टू मधला, हे कळलं. पण त्यातला एक जण स्नॅपच्या आधीच धावत पलीकडच्या बाजूला गेला तर? मोजणी नव्याने करायची, की त्याची 'की' तीच राहते? त्याला विचारलं तर म्हणाला, "शनिवारी सांगतो, झोप आता." शनिवारला अजून चार दिवस आहेत. कुणाला माहीत असेल तर आधीच सांगा.