मदत हवी आहे: खुब्याचं रिव्हिजन (बदललेल्या सांध्याचं पुन्हा ऑपरेशन) झालंय, झोपेत सांधा निखळू नये म्हणून काय करता?

आईचा (वय ७४) खुबा ११ वर्षांपूर्वी बदलला होता. कप (कृत्रिम सांध्याची वाटी) सैल झाला, म्हणून ३ आठवड्यांपूर्वी रिव्हिजन करावं लागलं. छेद मागच्या बाजूने आहे, ड्युअल मोबिलिटी कप (दुहेरी हालचालीची, निखळायचा धोका कमी करणारी वाटी) बसवलाय. सर्जन म्हणाले, दुसऱ्यांदा उघडलेल्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि आवरण कमजोर असतं, त्यामुळे निखळायची भीती पहिल्या वेळेपेक्षा जास्त. पहिले ३ महिने फार जपा.

खुब्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. दिवसा हे सगळं ती पाळते. कमोडवर उंच सीट आहे, बसायला उंच, हातांची खुर्ची. प्रश्न रात्रीचा आहे. गुडघ्यांमधली उशी पहाटेपर्यंत खाली पडलेली असते. परवा तर पायाशी गेलेलं पांघरूण घ्यायला ती उठून सरळ पुढे वाकली. मी धावत जाऊन धरलं. तेव्हापासून मला झोप लागत नाही. तुम्ही घरी हे कसं सांभाळलंत?

उत्तर १
पांघरुणासाठी वाकणं खरंच धोक्याचं, बरं झालं पाहिलंत. लांब दांड्याचा चिमटा उशाशी ठेवा. साध्या उशीऐवजी पट्ट्यांनी पायांना बांधायची त्रिकोणी उशी मिळते, ती घसरत नाही. वडिलांना तिचाच उपयोग झाला.

त्यांचा सांधा निखळला तो मात्र दिवसा. सोफा खोल होता, उठताना पुढे झुकले आणि ऑपरेशनच्या पायावरच गर्रकन वळले. पाय आखूड दिसायला लागला, आत वळला, टेकवेना. असं झालं तर ओढाताण करू नका, काही खायला-प्यायला देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. भूल देऊन बसवावा लागतो. उठताना तो पाय पुढे, जोर हातांवर, आणि वळताना छोटी छोटी पावलं.

आणखी एक. पाय बाजूला उचलायचा व्यायाम सर्जनना विचारल्याशिवाय सुरू करू नका. हाड कापून परत बांधलं असेल तर तो काही आठवडे बंद असतो. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय का? ताठ मणक्यामुळेही धोका वाढतो.

मूळ प्रश्नकर्ती
हो, कमरेचे २ मणके जोडलेले आहेत! याचा या खुब्याशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच सर्जनना सांगते. उशी आजच आणते.