मँडोलिनला स्टेजवर माइक कुठला? क्लिपचा की स्टँडवरचा?

तारसप्तक
वाद्यवृंदात मँडोलिन दिसलं की साउंडवाले हल्ली सरसकट क्लिपचा कंडेन्सर (विजेवर चालणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक) काढतात. मला हे पटत नाही. मागे ड्रमसेट आणि ऑक्टापॅड धडधडत असताना स्टँडवरचा शुअर एसएम५७ कधीही बरा. फ्रेटबोर्ड जिथे संपतो त्या जागेवर रोखायचा, १० ते १५ सेंटिमीटरवर. एफ-होलसमोर (वाद्याच्या पुढच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकासमोर) नको. तिथे पोटातली हवा घुमते, आणि मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, वाढवला की पहिला 'हूं' तिथूनच येतो. हा माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असल्यामुळे त्याला ठीक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीशी. फँटम (मिक्सरकडून माइकला मिळणारी वीज) लागत नाही, आपटला तरी चालू राहतो.

कोमल_निषाद
असहमत. स्टँडचा माइक जागेवर राहतो, वादक राहत नाही. १५ सेंटिमीटरचे ३० झाले की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. साउंडवाला फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) चढवतो, तेवढ्यात वादक परत जवळ येतो आणि शिट्टी. बसून वाजवणाऱ्याला स्टँड ठीक आहे. उभ्याने वाजवणाऱ्याला डीपीए ४०९९ सारखा क्लिपचा माइकच हवा.

मात्र तो लावायची रीत आहे. उजवा हात वरच्या कडेवर टेकतो, म्हणून क्लिप खालच्या कडेला, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) थोडी मागे. लवचीक दांडी वळवून माइकचं तोंड घोडी आणि फ्रेटबोर्ड यांच्या मधल्या भागाकडे करायचं, पृष्ठभागापासून ४-५ सेंटिमीटर वर आणि पिकच्या वाटेबाहेर. दांडी लाकडाला टेकली तर प्रत्येक ठोका माइकमध्ये 'टक' असा येतो. नायट्रो लॅकरचं पॉलिश असेल तर रबर थेट लावू नका, डाग पडतो. मध्ये सुती कापड घाला.

आणि मॉनिटर. ४०९९ सुपरकार्डिऑइड आहे. तो ठीक मागून थोडं ऐकतोच, बहिरा असतो तिरका मागून, अक्षापासून साधारण १२० अंशांवर. क्लिपच्या माइकची पाठ नेमकी समोरच्या मॉनिटरकडे होते. तो मॉनिटर बाजूला सरकवला की निम्मी तक्रार मिटते.

तारसप्तक
सरकवायला जागा असते कुठे? पुढची ओळ गायकांची. शिवाय मोकळा कंडेन्सर शेजारच्या झांजाही तितक्याच प्रेमाने ऐकतो.

मांडववाला
तुमचं दोघांचं भांडण बंदिस्त नाट्यगृहातलं आहे. गणपतीच्या मांडवात समोर भिंतीएवढे स्पीकर असताना माइकवर हट्ट कशाला? घोडीला पिएझो पिकअप (लाकडाचं कंपन थेट पकडणारा) लावा आणि मोकळे व्हा.

पण पिएझोची वायर थेट साध्या पॅसिव्ह (वीज न लागणाऱ्या) डीआय बॉक्समध्ये, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीत, खुपसू नका. त्याचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध) साधारण १४० किलोओहमच्या आसपास असतो, पिएझोला किमान १ मेगाओहम लागतो. कमी मिळाला की खालचे स्वर गळतात आणि वाद्य पत्र्याचं वाटतं. मग लोक म्हणतात, पिकअप वाईट. मध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारं यंत्र) किंवा चांगला अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, डीआय ठेवा.

कोमल_निषाद
इम्पीडन्सचं बरोबर. तरीही मँडोलिनचं निम्मं काम ट्रेमोलो (एकाच सुरावर भराभर वरखाली पिक मारणं), आणि पिएझोवर ट्रेमोलो म्हणजे पिकची खरखर. २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं खाली घेतलं तरी लाकडाचा आवाज येत नाही तो नाहीच.

मांडववाला
म्हणून दोन्ही लावा. वादकाच्या मॉनिटरला फक्त पिएझो, श्रोत्यांच्या स्पीकरला माइक जास्त आणि पिएझो चवीपुरता. दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ झाला तर एका चॅनेलची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करून बघा. जी भरीव वाटेल ती ठेवा.

तारसप्तक
हे मान्य, दोन चॅनेल मिळत असतील तर. लहान पार्टीच्या मिक्सरवर मँडोलिनला एकच मिळतो, त्यामुळे माझं मत कायम. माइक कुठलाही असो, लो कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) मात्र लावाच. सगळ्यात खालची तार, म्हणजे जी, १९६ हर्ट्झची. १२० ते १५० च्या खाली वाद्याचं काहीच नसतं, फक्त स्टेजची धडधड. एसएम५७ जवळ आणल्यावर फुगणारा खालचा भागही त्यानेच आवरतो. घोडीमागच्या तारांच्या तुकड्यांत फेल्टची पट्टी गुंफा, नाहीतर त्या सहकंपनाने किणकिणतात आणि दोष माइकला लागतो.

नवा_वादक
मोबाइलवर व्हिडिओसाठी मिळतो तो कॉलर माइक एफ-होलमध्ये चिकटवला तर चालेल का?

कोमल_निषाद
नाही. तो बहुधा ओम्नी असतो, सगळ्या दिशांनी सारखं ऐकतो, आणि तुम्ही त्याला वाद्यात सगळ्यात जास्त घुमणाऱ्या जागी बसवताय. रेकॉर्डिंगला वापरा. स्टेजवर मॉनिटर चालू केल्या केल्या घुमेल.

मांडववाला
शिवाय त्याची पिन मोबाइलची असते. कन्व्हर्टर जोडून मिक्सरला लावलात तर फँटम बंद आहे ना, ते आधी बघा.