झाड वीतभर आणि फूल एवढं मोठं? उंच डोंगरावर असं का होतं?

रानवाटा:
आल्प्स घ्या, रॉकी घ्या, झाडांची रेषा, म्हणजे ज्या उंचीनंतर मोठी झाडं उगवतच नाहीत, त्याच्यावरचे फोटो बघितले की झुडूप जमिनीला चिकटलेलं आणि फूल मात्र चांगलं ठसठशीत. तिथे थंडी, वारा, उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिने, किडेही कमी. मग फुलावर एवढा खर्च कशाला, स्वतःच्याच परागांवर बी धरून मोकळं व्हावं ना? की हा नुसता उंचीचा, उन्हाचा परिणाम आहे?

पानगळ:
नुसती उंची नाही, तिथे फुलावर येतं कोण हे बघायला हवं. अमेरिकेत कोलोरॅडोत पोलेमोनियम व्हिस्कोसम नावाचं निळ्या-जांभळ्या फुलांचं रोपटं आहे, त्यावर कँडेस गेलन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं काम केलंय. झाडांच्या रेषेजवळ त्यावर जास्त करून माश्या येतात, तिथली फुलं लहान आणि बऱ्याच झाडांना उग्र कुबट वास. आणखी वर उघड्या माळावर बंबलबी (जाड, केसाळ मधमाश्या) येतात, तिथे तीच जात, पण फुलं साधारण १२ टक्के रुंद आणि वास गोड! बंबलबी उडायच्या आधी पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवते, म्हणून गारठ्यातही तिचं काम चालू राहतं. खालच्या झाडांचं परागण बंबलबींकडून करून घेतलं तर एकाच पिढीत फुलं रुंद झाली, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

खडकफूल:
वरच्यात भर, मोठं फूल फुकट पडत नाही. रुंद पाकळ्यांतून पाणी जास्त उडतं, कोरड्या वर्षी ते झाडाला जड जातं. शिवाय मुंग्या. गोड वासाच्या, रुंद तोंडाच्या फुलात त्या मध चोरायला शिरतात आणि आत जाता जाता स्त्रीकेसराची दांडीच कुरतडून टाकतात, मग परागकण येऊन तरी काय करणार, त्या फुलाचं बी गेलंच. म्हणजे बंबलबी एकीकडे ओढते, मुंग्या आणि दुष्काळ दुसरीकडे.

रानवाटा:
मुंग्यांचं डोक्यातच आलं नव्हतं! पण मग स्वपरागण का नाही करत सगळी?

पानगळ:
बरीच करतात की. पण त्यात पिढ्यानपिढ्या बियाणं कमजोर व्हायचा धोका असतो, म्हणून दुसरी युक्ती अशी की फूल जास्त दिवस उघडं ठेवायचं, किडा आज नाही आला तर चार दिवसांनी येईल. आणि बंबलबी नसेल तर चित्रच वेगळं दिसतं, न्यूझीलंडमध्ये त्या मुळात नव्हत्याच, माणसांनी नंतर नेल्या, तिथली डोंगरावरची फुलं बहुतेक पांढरी, उथळ, माश्या आणि छोट्या जिभेच्या मधमाश्यांना सहज पोचता येईल अशी.

खडकफूल:
हिमालयातलं ऱ्हियम नोबिले हे रेवंदचिनीच्या जातकुळीतलं झाडही बघा. ४००० मीटरच्या वर हे उंचच्या उंच वाढतं आणि फुलं फिकट अर्धपारदर्शक पानांच्या आड झाकलेली, आत ऊब. बारीक चिलटं तिथेच अंडी घालतात, परागणही तीच करतात आणि त्यांच्या अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाला पुरतं.