'डार्क' सिनेमाला मराठीत काय म्हणाल?

दिवेलागण:
आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात. या वेळी डेव्हिड फिंचरचा 'सेव्हन' (१९९५) आहे आणि फळ्यावर चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'डार्क डिटेक्टिव्ह थ्रिलर' लिहिलं, तर अध्यक्ष म्हणाले मराठीत लिहा. 'काळाकुट्ट गुप्तहेरी थरारपट' लिहिलं, तर भाचा म्हणतो, मामा, ही कोळशाच्या वखारीची जाहिरात वाटते. थरारपट चालेल, पण 'डार्क'चं काय करू? 'अंधारा' म्हटलं की बल्ब उडाल्यासारखं वाटतं, 'गडद' म्हटलं की साडी डोळ्यांपुढे येते.

मोडीवाचक:
आधी 'गुप्तहेर' काढा. हेर गुप्तच असतो, हे पिवळं पितांबर झालं. शिवाय हेर शत्रूच्या गोटात शिरतो. बहिर्जी नाईक हेर. खुनाचा तपास करणारा हेर कसा?

टवाळ:
बाबूराव अर्नाळकर वाचून वाढलेल्यांना गुप्तहेर म्हणजे कोण ते बरोबर कळतं. शब्द वापराने ठरतो, पोथीने नाही.

मोडीवाचक:
मग 'महापौर' कशाला म्हणता, मेयरच म्हणा. सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

खाकीतला:
निवृत्त आहे म्हणून सांगतो. आमच्यात 'गुप्तहेर' कुणी म्हणत नाही. गुन्हे शाखेचा माणूस, नाहीतर ठाण्यातला डीबीवाला, म्हणजे गुन्हे उकलणाऱ्या डिटेक्शन ब्रँचचा. हा सिनेमा मुलाने दाखवला. मला पटला तो एकाच कारणाने. खून होताना जवळजवळ दाखवतच नाहीत. आपण पोचतो तोवर सगळं उरकलेलं असतं. एक अगडबंब माणूस शेवयांच्या ताटात तोंड खुपसून मेलेला. दुसऱ्या एका खोलीत छताला ती गाडीत लावतात तसली वासाची कागदी झाडं टांगलेली, ढिगाने. कुजक्या वासाच्या घरात ज्याने पंचनामा केलाय त्याला ती कशाला ते सांगावं लागत नाही. आम्ही उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवायचो. माझ्या मते हा 'पंचनामापट'.

टवाळ:
पंचनामापट! आणि पंच कोण, प्रेक्षक?

खाकीतला:
तेच तर. पंचालाही बघवत नसतं, पण सही होईपर्यंत तो हलत नाही. फरक इतकाच की इथे पंच तिकीट काढून येतात.

अनवट:
दिवेलागण, 'डार्क' हा मुळात फ्रेंचांचा 'न्वार'. युद्धानंतर तिकडच्या समीक्षकांनी अमेरिकन गुन्हेपटांना 'काळा सिनेमा' म्हटलं. १९४५ला गालिमार प्रकाशनाने काळ्या वेष्टणात रहस्यकथांची माला काढली होती, तिच्या नावातही 'न्वार' होतंच. इटलीत अशी पुस्तकं पिवळ्या वेष्टणात निघाली, म्हणून तिथे 'पिवळं' म्हणजे रहस्यकथा. आपल्याकडे पिवळी पुस्तकं म्हणजे काय ते सांगत नाही, अध्यक्ष वाचत असतील. पण 'सेव्हन'चा काळेपणा उजेडाशी जोडू नका. सिनेमाभर पाऊस कोसळतो, खोल्यांत अंधार, काही प्रतींमध्ये तर फिल्म धुताना तिच्यातली चांदी तशीच राहू देऊन काळा रंग आणखी दाट केला होता. आणि सगळ्यात काळा प्रसंग कुठे घडतो? भर उन्हात, उघड्या माळावर, विजेच्या मनोऱ्यांखाली.

पिंपळपान:
शेवट सांगू नका हो, मी जाणार आहे.

दिवेलागण:
धन्यवाद, पण फळ्यावर काय लिहू? आणखी एक. सिनेमातला खुनी ख्रिस्ती धर्मातल्या सात पापांवरून एकेक खून करतो, त्या पापांची नावंही द्यायची आहेत. षड्रिपू अधिक एक, असं चालेल?

वसईकर:
अजिबात नाही! आमच्याकडे चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, मराठीत होते, त्यामुळे हा घोळ लहानपणापासून ऐकतोय. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर ही पाच जुळतात. आपला मोह तिकडे नाही. त्यांची खादाडी आणि आळस आपल्या यादीत नाहीत.

मोडीवाचक:
आळस समर्थांना ठाऊक नव्हता असं नव्हे. दासबोधात 'करंटलक्षण' वाचा. पण तिथे आळशी तो करंटा. पापी नव्हे.

वसईकर:
तिकडचा आळस म्हणजे लोळत पडणंही नव्हे. मठातल्या साधूंना भर दुपारी प्रार्थनेचा वीट यायचा, तो मूळचा आळस. कशाचंच काही न वाटणं. सिनेमातला म्हातारा सॉमरसेट निवृत्तीला सात दिवस उरले असताना शहराबद्दल जे बोलतो, ते हेच. आणि मोठा फरक असा की पापाला शिक्षा असते, रिपूला नसते. रिपू जिंकायचा असतो, तोही स्वतःच्या आतला. खुनी षड्रिपू शिकला असता तर त्याला सुरुवात घरापासून करावी लागली असती.

अनवट:
तो मत्सर स्वतःच्याच नावावर घेतो की!

पिंपळपान:
अहो!!

टवाळ:
मला 'करंट' आवडला. 'करंट सिनेमा'. वीजही येते, दैवही फुटतं.

मोडीवाचक:
वीज निघालीच आहे तर, खाकीतला, सिनेमातले पोलीस अंधारात हातात दिवा घेऊन फिरतात, त्याला काय म्हणाल? 'विजेरी' हा सुंदर शब्द मेला.

टवाळ:
विजेरी कोण म्हणतं? बॅटरी!

अनवट:
बॅटरी म्हणजे सेल. हातातला तो टॉर्च.

वसईकर:
आमच्या आजीची बॅटरीच होती आणि तिच्यात तीन सेल होते. पितळेची.

दिवेलागण:
मंडळी, उद्या सकाळी दहाला फळा रंगवायचाय.

मोडीवाचक:
'काळोखी' लिहा. 'काळोखी तपासपट'.

टवाळ:
काळोखी म्हणजे चेहऱ्यावर येते ती. आजारपणात.

खाकीतला:
विजेरी-बिजेरी काही नाही. तीस वर्षं रात्रीच्या प्रत्येक पंचनाम्यात एकच वाक्य लिहिलं, 'बॅटरीच्या उजेडात पाहणी केली'. कोर्टात एकाही वकिलाने त्या शब्दाला हरकत घेतली नाही.